मोल्सवर्थ (आडनाव)

मोल्सवर्थ हे इंग्लंडमधील एक विरळ आडनाव. स्मिथ, टेलर, ब्राउन या आडनावांची माणसे इंग्लंडच्या गावोगावी आढळतात आणि त्यांच्यात नाते असेलच असे नसते. मोल्सवर्थांचे तसे नाही. हे नाव एका लहानशा खेड्यावरून आले आणि मोजक्या घराण्यांत टिकले. तरी गेल्या सव्वातीनशे वर्षांत या नावाने राजकारण, सैन्य, स्थापत्य, बालसाहित्य, टेनिस आणि कोशरचना या क्षेत्रांत माणसे दिली. महाराष्ट्रात हे आडनाव जवळजवळ एका ग्रंथाचेच नाव होऊन बसले आहे. एखादा जुना शब्द अडला की ‘मोल्सवर्थमध्ये पाहा’ असे अभ्यासक आजही म्हणतात.

मूळ गाव मोल्सवर्थ हे पूर्वीच्या हंटिंग्डनशर परगण्यातले, आता केंब्रिजशरमध्ये मोडते. मूल नावाच्या कोणा माणसाचे कुंपण घातलेले आवार, असा गावाच्या नावाचा अर्थ लावला जातो. गावाशेजारच्या विमानतळावरून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बाँबफेकी विमाने उडत. पुढे १९८० च्या दशकात तेथे अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरले, तेव्हा शांततावाद्यांनी तळाच्या जागेवर छावणी टाकली. फेब्रुवारी १९८५ मध्ये सरकारने सैन्य आणि पोलीस आणून ती उठवली. क्षेपणास्त्रे आली खरी, पण अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९८७ च्या करारानंतर ती काढून नेण्यात आली.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) : मराठी वाचकाच्या दृष्टीने या आडनावाचा सर्वांत मोठा माणूस. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला हा अधिकारी कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला. पेशवाई बुडाल्यावर मराठी मुलूख कंपनीच्या हाती आला आणि गोऱ्या अंमलदारांना रयतेची भाषा शिकण्याची निकड भासू लागली. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूरहून आणि व्हान्स केनेडी यांचा १८२४ साली मुंबईहून निघाला होता, पण दोन्ही लहान होते. मोल्सवर्थ यांनी जॉर्ज आणि टॉमस कँडी या जुळ्या भावांना सोबत घेतले, शास्त्रीमंडळी बसवली आणि १८३१ साली मुंबईत मराठी–इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्या वेळी मोल्सवर्थ कॅप्टन होते आणि कँडी बंधू लेफ्टनंट.

या कामाचा पाया शास्त्र्यांनी घातला, हे ठासून सांगितले पाहिजे. शब्द गोळा करणे, त्यांची लिंगे ठरवणे, व्युत्पत्ती सांगणे, अर्थाच्या छटा वेगळ्या काढणे हे सारे मराठी बोलत वाढलेल्या विद्वानांशिवाय होणे शक्य नव्हते. त्याच सुमारास, १८२९ मध्ये, जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आदी पंडितांचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. मराठी शब्दांचा अर्थ मराठीतच देणारा तो कोश स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे. मोल्सवर्थ-कोशाच्या शीर्षकपानावर मात्र शास्त्र्यांपैकी कोणाचेही नाव नाही. त्या काळाची रीत तशी होती, तरी ही उणीव लहान नव्हे.

मोल्सवर्थ यांचे मोठेपण त्यांच्या निवडीत आहे. राज्यकारभाराला उपयोगी तेवढेच शब्द घेऊन ते थांबू शकले असते. त्यांनी शेतातले, मागावरचे, स्वयंपाकघरातले, देवळातले, बाजारातले शब्द घेतले. म्हणी आणि वाक्प्रचार घेतले, गावंढळ म्हणून शिष्टांनी नाक मुरडावे असे शब्दही घेतले. विटीदांडूच्या डावात पोरे जे ‘वकट’, ‘लेंड’ म्हणतात, त्यांनाही या कोशात जागा मिळाली. शब्द संस्कृतातून आला की फारसी, अरबी, हिंदुस्थानीतून, याची खूण एकेका अक्षराने दिलेली असते. अर्थ देताना ते एका इंग्रजी प्रतिशब्दावर भागवत नाहीत. कधी वापराची जागा सांगतात, कधी वस्तूचे वर्णन करतात, कधी जवळच्या दुसऱ्या शब्दाशी तुलना करतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला मराठी मुलूख कसा बोलत होता, याचा इतका भरघोस पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. जुनी कागदपत्रे, बखरी, शाहिरी वाचणाऱ्याला आज प्रचारातून गेलेला शब्द याच पानांवर सापडतो.

पहिल्या कोशापाठोपाठ त्यांनी इंग्रजी–मराठी कोश हाती घेतला, पण मायदेशी परतावे लागल्याने तो अर्धाच राहिला. टॉमस कँडी यांनी तो पुरा करून १८४७ साली छापला. मराठीत विरामचिन्हे रुजवणारे मेजर कँडी ते हेच. मोल्सवर्थ पुन्हा हिंदुस्थानात आले आणि त्यांनी मराठी–इंग्रजी कोश आमूलाग्र तपासला. दुसरी सुधारलेली, वाढवलेली आवृत्ती १८५७ साली मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून निघाली. सुमारे ६०,००० शब्द आणि नऊशेहून अधिक मोठी पाने असा तिचा विस्तार आहे. मराठी भाषेवरील मिशनरी विद्वान जॉन विल्सन यांची टिपणे तिच्या आरंभी आहेत. आज ‘मोल्सवर्थ’ म्हणून जो ग्रंथ आपण चाळतो तो हाच. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याचा संक्षेप काढला. दाते-कर्वे यांच्या सात खंडी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–३८) त्यातले पुष्कळ धन पुढे नेले. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये मूळ कोशाचे पुनर्मुद्रण केले, आणि शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर शोधता येईल अशा रूपात सर्वांना खुला केला.

कोशाला मर्यादा आहेत. शास्त्रीमंडळी ब्राह्मण असल्याने शब्दांची रूपे आणि शुद्धाशुद्धाचे निवाडे यांवर त्या वर्गाच्या बोलीची छाप पडली, आणि पुढे छापील मराठीचे वळण ठरताना तिचा प्रभाव राहिला. काही नोंदींतून तेव्हाचे जातीविषयक पूर्वग्रह आणि परकी अंमलदाराची नजर स्पष्ट दिसते. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवून वाचावे, पण वाचावे जरूर.

आयरिश शाखा : मोल्सवर्थांची दोन घराणी विशेष प्रसिद्ध आहेत, एक आयर्लंडमधले आणि दुसरे कॉर्नवॉलमधले. दोघांचा मूळपुरुष मध्ययुगीन सरदार वॉल्टर डी मोल्सवर्थ होता, असे त्यांच्या वंशावळी मानतात.

डब्लिनमध्ये जन्मलेले रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) इंग्लंडचे राजदूत म्हणून डेन्मार्कच्या दरबारी होते. १६६० साली डेन्मार्कमध्ये राजाच्या हाती अनियंत्रित सत्ता गेली होती. एका स्वतंत्र राष्ट्राने आपले हक्क कसे गमावले आणि त्याचे फळ प्रजेला काय मिळाले, हे त्यांनी परतल्यावर एका पुस्तकात रोखठोक मांडले. डेन्मार्कच्या दरबाराला ते झोंबले आणि त्याने इंग्लंडकडे तक्रार केली. पुस्तक मात्र युरोपभर वाचले गेले आणि पुढे अमेरिकी वसाहतींतल्या स्वातंत्र्यवाद्यांपर्यंत पोहोचले. १७१६ मध्ये रॉबर्ट यांना व्हायकाउंट हा किताब मिळाला. १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरांच्या भावाचा फुगा फुटून हजारो कुटुंबे धुळीला मिळाली. रॉबर्ट यांचेही पैसे त्यात बुडाले होते. कंपनीच्या संचालकांना शिक्षा देणारा कायदाच नाही, असा मुद्दा पार्लमेंटात निघाला, तेव्हा ते म्हणाले की पितृहत्येसाठीही रोमन लोकांकडे आधी कायदा नव्हता, पण पहिला अपराधी सापडताच त्याला पोत्यात शिवून टायबर नदीत टाकण्यात आले. या संचालकांनाही तसेच थेम्समध्ये टाकावे, अशी त्यांची मागणी होती.

त्यांची मुलगी मेरी मंक कवयित्री होती आणि तिला लॅटिन, इटालियन, स्पॅनिश येत होते. १७१५ मध्ये ती वारली, आणि पुढल्या वर्षी वडिलांनी तिच्या कविता व भाषांतरे पुस्तकरूपाने छापली. मुलगा रिचर्ड (१६८०–१७५८) सैन्यात गेला. २३ मे १७०६ रोजी फ्रेंचांविरुद्धच्या रामिलीच्या लढाईत इंग्रज सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला आणि फ्रेंच स्वार त्याच्यावर चालून आले. रिचर्डने आपला घोडा त्याला देऊन त्याचे प्राण वाचवले. थोड्या वेळाने मार्लबरो दुसऱ्या घोड्यावर चढत असता त्याची रिकीब धरणाऱ्या अधिकाऱ्याचे डोके तोफगोळ्याने उडाले. रिचर्ड तिसरा व्हायकाउंट झाला आणि फील्ड मार्शल पदापर्यंत चढला. डब्लिनची मोल्सवर्थ स्ट्रीट त्याच्याच घराण्याच्या नावाची.

या रिचर्डच्या घरात मात्र दुःख फार साचले. त्याची मुलगी मेरी हिचा विवाह १७३६ साली रॉबर्ट रॉचफर्ट याच्याशी झाला, जो पुढे बेल्व्हेडियरचा अर्ल बनला. दिराशी संबंध असल्याचा आळ घेऊन नवऱ्याने तिला गॉल्सटाउनच्या वाड्यात कोंडले आणि सुमारे तीस वर्षे, १७७४ मध्ये स्वतः मरेपर्यंत, कोंडूनच ठेवले. मुलाने सोडवले तेव्हा ती वार्धक्याला टेकली होती. एका उमरावाने पत्नीला भर अठराव्या शतकात असे ठेवावे आणि त्याच्या मानमरातबाला फारशी झळ लागू नये, यावरून त्या समाजातले बायकांचे स्थान कळते. रिचर्डची विधवा आणि तिच्या दोन मुली १७६३ मध्ये लंडनच्या घराला लागलेल्या आगीत दगावल्या.

कॉर्नवॉलची शाखा : बॉडमिनजवळचे पेनकॅरो हे या घराण्याचे ठाणे. १६८९ मध्ये बॅरोनेट या वंशपरंपरागत किताबाचा पहिला मानकरी झालेला हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा गव्हर्नर होता. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो जमैकातला अडत्या, आणि त्याच्या वैभवाचा विचार ही गोष्ट वगळून करता येत नाही.

त्याच घराण्यात दीडशे वर्षांनी विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) हा जहाल मतांचा पुढारी निपजला. आठवा बॅरोनेट असलेला हा तरुण शिक्षकाला द्वंद्वाचे आव्हान दिल्यामुळे केंब्रिजमधून काढला गेला होता. बाविसाव्या वर्षी तो पार्लमेंटात पोहोचला. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या १८३७–३८ च्या समितीचा तो अध्यक्ष होता. ही पद्धत गुलामगिरीच्या जवळची असल्याचे समितीच्या अहवालाने दाखवून दिले आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे थांबले. हे त्याचे सर्वांत मोलाचे काम. पदरमोड करून त्याने तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज याचे समग्र लेखन सोळा खंडांत संपादित केले. हॉब्ज नास्तिक समजला जाई, म्हणून लंडनमधल्या सदर्क मतदारसंघाच्या १८४५ च्या निवडणुकीत विरोधक विल्यमच्या सभांमध्ये ‘हॉब्ज नको’ अशा आरोळ्या देत. तरीही तो निवडून आला. मंत्री झाल्यावर त्याने लंडनजवळची क्यूची वनस्पतिबाग रविवारी लोकांना खुली केली. कामकरी माणसाला सुट्टीचा तोच एक दिवस मिळत असे. १८५५ मध्ये वसाहतखाते हाती आले, पण काही महिन्यांतच तो वारला. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात पार्लमेंटसमोरून जाणारा रस्ता त्याच्या नावाचा आहे.

रॉचडेलचे पितापुत्र : लँकशरमधील रॉचडेलचे धर्मगुरू जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ आणि पुढारी जॉन ब्राइट यांचा चर्चच्या करावरून मोठा झगडा झाला. त्यांचा एक मुलगा विल्यम नॅसॉ (१८१६–१८९०) इतिहासकार आणि रॉचडेलच्या सहकारी चळवळीचा पाठीराखा, तर दुसरा गिलफर्ड लिंडसे (१८२८–१९२५) स्थापत्यविशारद. गिलफर्ड यांनी श्रीलंकेत रेल्वे बांधली आणि १८७१ पासून सुमारे अठरा वर्षे ते हिंदुस्थान सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंते होते. त्यांची सूत्रांची खिशात मावणारी पुस्तिका अभियंत्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरली.

इतर : मेरी लुइसा मोल्सवर्थ (१८३९–१९२१) यांना हे नाव लग्नाने मिळाले. व्हिक्टोरियन काळातल्या या अग्रगण्य बालसाहित्यकार. मुलांना मुलांसारखे बोलू देणे हा त्यांचा गुण, आणि त्यांच्या शंभरच्या आसपास पुस्तकांपैकी १८७७ चे कोकिळा-घड्याळाचे कथानक अजून छापले जाते. डब्लिनकर रॉबर्ट मोल्सवर्थ (१८०६–१८९०) ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. लेफ्टनंट जनरल जॉर्ज नोबल मोल्सवर्थ यांनी १९१९ च्या अफगाण युद्धाचा इतिहास लिहिला. ब्रिस्बेनच्या मार्गारेट ऊर्फ मॉल मोल्सवर्थ यांनी ऑस्ट्रेलियन टेनिस स्पर्धेत स्त्रियांची एकेरी १९२२ मध्ये प्रथमच खेळवली गेली तेव्हा ती जिंकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. अमेरिकेत वायोमिंगच्या कोडी गावी टॉमस मोल्सवर्थ (१८९०–१९७७) यांनी ओबडधोबड लाकूड आणि कातडे वापरून फर्निचरची एक वेगळीच धाटणी रूढ केली. कीथ मोल्सवर्थ हे बाल्टिमोर कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे १९५३ मधील प्रशिक्षक, तर हेलन मोल्सवर्थ या समकालीन कलेच्या नावाजलेल्या प्रदर्शन-संयोजक. इंग्लंडमधल्या सामान्य वाचकाला मात्र या आडनावाने आधी आठवतो तो १९५० च्या दशकातल्या विनोदी पुस्तकांतला नायजेल मोल्सवर्थ हा शाळकरी मुलगा, ज्याचे शुद्धलेखन पानोपानी चुकते.