रिबिल्ट टायटल

रिबिल्ट टायटल : विमा कंपनीने एकदा मोडीत काढलेली आणि नंतर दुरुस्त होऊन रस्त्यावर परतलेली गाडी अमेरिकेत ज्या मालकीपत्रावर विकली जाते, ते मालकीपत्र. भारतात आरसी हाच नोंदणीचाही कागद आणि मालकीचाही. अमेरिकेत हे दोन कागद वेगळे असतात. टायटल हा मालकीचा कागद असून तो त्या त्या राज्याचा मोटार वाहन विभाग, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलण्यातला ‘डीएमव्ही’, देतो. गाडीवर मोठे संकट येऊन गेले की या कागदावर कायमचा शिक्का बसतो. शिक्का नसलेले टायटल ‘क्लीन’. शिक्क्याचे शब्द राज्यागणिक बदलतात. टेक्सास आणि न्यूयॉर्कमध्ये ‘रिबिल्ट सॅल्व्हेज’, पेनसिल्व्हेनियात ‘रिकन्स्ट्रक्टेड’, कॅलिफोर्नियात ‘रिव्हाइव्ह्ड सॅल्व्हेज’. बाजारात मात्र सगळ्यांना मिळून रिबिल्ट असेच म्हणतात.

अशी गाडी तशाच क्लीन गाडीपेक्षा साधारण २० ते ४० टक्के स्वस्त मिळते. शिक्षणासाठी नुकत्याच गेलेल्या मराठी मुलांच्या डोळ्यांत ती भरते ती यामुळेच. कोरोला किंवा सिव्हिक, चालवून पाहिली तर सुरळीत, रंग चकचकीत, आणि किंमत खिशाला परवडणारी. घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

टोटल होण्याचे गणित : अपघात झाला, पूर आला किंवा गारा पडल्या की विमा कंपनी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून पाहते. खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाडी ‘टोटल’, आणि तिच्या टायटलवर ‘सॅल्व्हेज’, म्हणजे मोडीत काढलेली, असा शिक्का. ही मर्यादा राज्य ठरवते. ओक्लाहोमात ती बाजारभावाच्या ६० टक्के आहे, न्यूयॉर्कमध्ये ७५, फ्लोरिडात ८०, टेक्सासमध्ये १००. कॅलिफोर्नियात टक्केवारीच नाही. तिथे दुरुस्तीचा खर्च आणि भंगारात येणारी किंमत यांची बेरीज बाजारभावाहून जास्त झाली की गाडी टोटल धरतात.

समजा, १२,००० डॉलरची गाडी ठोकली, दुरुस्तीचा अंदाज ९,५०० डॉलर निघाला आणि मोडक्या अवस्थेत तिला लिलावात ३,५०० डॉलर येतील असे दिसते. न्यूयॉर्कमध्ये मर्यादा ९,००० डॉलरची, म्हणजे ही गाडी सॅल्व्हेज. कॅलिफोर्नियात बेरीज १३,०००, म्हणजे तिथेही सॅल्व्हेज. टेक्सासमध्ये खर्च बाजारभावाच्या आत असल्याने शिक्क्याची सक्ती नाही. गाडी तीच, मार तोच. पण कागद ती कुठे उभी होती त्यावर ठरला. तेव्हा क्लीन टायटल म्हणजे गाडीला धक्का लागलेला नाही, असेही समजू नये.

या गणिताचा आणखी एक परिणाम सहसा कोणी ध्यानात घेत नाही. जुनी, कमी किमतीची गाडी पटकन टोटल होते. बारा वर्षांच्या गाडीचा बाजारभाव पाच हजार असेल, तर एक बंपर, एक हेडलाइट आणि उघडलेल्या दोन एअरबॅगा एवढ्यातच तिचा निकाल लागतो. उलट, दोन वर्षांच्या तीस हजारांच्या गाडीवर शिक्का बसला असेल तर मार खरोखरच मोठा असतो. नवीन मॉडेल, कमी चाललेले आणि इतके स्वस्त, अशा जाहिरातीने हुरळून जाणाऱ्यांना नेमके उलटे वाटत असते.

सॅल्व्हेजपासून रिबिल्टपर्यंत : विमा कंपनी मालकाला पैसे देऊन गाडी ताब्यात घेते आणि लिलावाला काढते. या व्यवसायातली दोन मोठी नावे म्हणजे कोपार्ट आणि आयएए. दोन्ही १९८२ साली सुरू झालेल्या. एकरांवर पसरलेल्या आवारात मोडक्या गाड्यांच्या रांगा, प्रत्येकीचे आठ-दहा फोटो आणि ऑनलाइन बोली. बरीच वाहने सुट्या भागांसाठी जातात. काही परदेशी रवाना होतात; जॉर्जिया या देशातला रुस्तावीचा गाडीबाजार तर अशा अमेरिकी गाड्यांसाठीच ओळखला जातो. उरलेल्या अमेरिकेतलेच गॅरेजवाले उचलतात, दुरुस्त करतात आणि राज्याच्या तपासणीला उभ्या करतात.

सॅल्व्हेज टायटलवरची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. तपासणी पार पडली की टायटल रिबिल्ट होते आणि नंबरची पाटी मिळते. ‘फक्त इन्स्पेक्शन बाकी आहे, तेवढे तुम्ही करून घ्या’ असे सांगणारा विक्रेता भेटला तर तिथूनच परत फिरावे. काम खरोखर तेवढेच उरले असते, तर ते त्याने स्वतः उरकून जास्त किंमत घेतली असती.

तपासणी या शब्दावरही फार विसंबू नये. न्यूयॉर्कमधली सॅल्व्हेज तपासणी गाडीत चोरीचे भाग बसवलेले नाहीत ना, एवढ्यासाठी असते. गाडी चालवायला सुरक्षित आहे असे ती सांगत नाही. कॅलिफोर्नियात ब्रेक, दिवे अशा सुरक्षा यंत्रणांचे प्रमाणपत्र लागते. पण गाडीचा सांगाडा कारखान्यातल्या मापात परत आला का, हे मोजणे वेगळेच काम आहे, त्याला वेगळी यंत्रे लागतात. अलीकडच्या गाड्यांना पूर्वीसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचे अख्खे खोकेच भार पेलते, आणि पुढचा-मागचा भाग आदळल्यावर ठरल्याप्रमाणे चुरगळावा असा घडवलेला असतो. तो एकदा चुरगळून सरळ केला, की पुढच्या वेळी कसा चुरगळेल हे दुरुस्त करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

संकट कोणते होते : शिक्का इतकेच सांगतो, की एकदा हिशेबात ही गाडी दुरुस्तीच्या लायकीची ठरली नाही. काय मोडले आणि कसे जोडले, हे त्यावर लिहिलेले नसते. निर्णय मात्र सगळा त्यावरच अवलंबून आहे.

गारांनी टोटल झालेली गाडी सर्वांत सोपी. टेक्सास, कोलोरॅडो या पट्ट्यात लिंबाएवढ्या गारा पडतात आणि टपापासून बॉनेटपर्यंत पत्रा पोचे पडून चाळण झाल्यासारखा दिसतो. इंजिनाला, सांगाड्याला काही होत नाही. चोरीला जाऊन विम्याचे पैसे दिल्यानंतर सापडलेली गाडीही बऱ्याचदा धड असते. अपघाताच्या गाडीत मार कुठे लागला ते पाहावे लागते : दार आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) बदलणे निराळे, सांगाडा वाकणे निराळे.

पुरात बुडालेली गाडी मात्र घेऊच नये, या मताला फारसा अपवाद नाही. २००५ चे कतरिना, २०१२ चे सँडी, २०१७ चे हार्वे, २०२२ चे इयन, प्रत्येक वादळानंतर अशा गाड्या दूरदूरच्या राज्यांत विक्रीला गेल्या. पाणी उतरते, गालिचे बदलतात, अत्तर फवारतात. पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा सहा महिन्यांनी, वर्षाने एकेक बिघाड वर काढतो. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांचे तर काही खरे नाही. इयननंतर फ्लोरिडात अशा काही गाड्यांच्या बॅटऱ्यांनी पाणी ओसरल्यावर पेट घेतला होता.

कागद तपासणे : १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या प्रत्येक गाडीला १७ अक्षरांचा व्हीआयएन क्रमांक असतो. शून्य-एकाशी गल्लत नको म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात. हा क्रमांक काचेखाली डॅशबोर्डवर, दाराच्या चौकटीवर आणि टायटलवर सारखाच हवा. १९९२ च्या वाहनचोरीविरोधी कायद्याने एनएमव्हीटीआयएस ही राष्ट्रीय टायटल नोंद उभी केली आणि २००९ पासून ग्राहकांनाही थोड्या पैशांत तिचा अहवाल मिळू लागला. टोटल लॉस, लिलाव, जुने शिक्के त्यात दिसतात. दुरुस्तीचा इतिहास दिसत नाही. एका राज्यात शिक्का बसलेली गाडी नियम ढिले असलेल्या दुसऱ्या राज्यात नेऊन कोरे टायटल काढायचे, या धंद्याला तिथे ‘टायटल वॉशिंग’ म्हणतात. ही नोंद मुख्यतः त्याला आळा घालण्यासाठी आहे. कारफॅक्स आणि ऑटोचेक या खासगी कंपन्यांचे अहवाल अधिक तपशिलाचे असतात, पण त्यांच्यापर्यंत जे पोहोचले तेवढेच त्यांत येते.

या सगळ्यांहून मोलाचे म्हणजे दुरुस्तीआधीचे फोटो. व्हीआयएन इंटरनेटवर नुसता शोधला तरी पुष्कळदा लिलावातले जुने फोटो सापडतात. ‘मागून जरासा टेकला होता’ असे ऐकलेल्या गाडीचे इंजिन फोटोत पुढच्या सीटांपाशी आलेले दिसले, की पुढचे संभाषण आपोआप आटोपते. प्रामाणिक गॅरेजवाला हे फोटो आणि भागांच्या पावत्या स्वतःहून पुढे करतो. पावती मागितल्यावर जो चिडतो, त्याची गाडी सोडून द्यावी. टायटलवर समोरच्या माणसाचेच नाव हवे. नाव दुसऱ्याचे आणि सही आधीच करून ठेवलेली, असा कागद कितीही गोड शब्दांत दाखवला तरी घेऊ नये.

हाताने, डोळ्याने : चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. लागलाच नाही तर त्याहून वाईट, कारण कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. उघडलेल्या एअरबॅगच्या जागी नुसते झाकण बसवल्याची उदाहरणे आहेत. स्वस्तातले नकली इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, बसवलेल्या गाड्यांत, ज्या अपघातातून लोक वाचायला हवे होते त्यात ते दगावल्याचे सांगून अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२४ मध्ये इशारा दिला होता. एअरबॅग कुठून आणली याची पावती मागायची ती यासाठी.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. आतल्या, एरवी कधी उजेडात न येणाऱ्या टोकावर मातीची पुसट रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. बेल्टच्या चिठ्ठीवर तो बनवल्याची तारीख असते, सगळ्या काचांच्या कोपऱ्यात वर्षाची खूण असते. एखादीच वेगळी निघाली तर ती बाजू बदललेली. फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला आहे का, बॉनेट आणि फेंडर यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी आहे का, हे पाहायला हत्यारे लागत नाहीत. रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र असेल तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, पुट्टी भरलेल्या जागी आकडा कितीतरी पट चढतो. यानंतर गाडी लिफ्टवर चढवून आपण निवडलेल्या मेकॅनिककडून तपासून घ्यायची. विकणाऱ्याने सुचवलेल्या मेकॅनिककडून नव्हे. शंभर-दोनशे डॉलर जातात; जाऊ द्यावेत.

पैशाची बाजू : समजा, क्लीन गाडी १४,००० ला आहे आणि रिबिल्ट ९,५०० ला. वाचले ४,५००, असे वाटते. पण शिक्का विकतानाही सोबत असतो. दोन वर्षांनी क्लीन गाडीला ९,००० आणि हिला ६,००० आले, तर ३,००० तिथेच परत गेले आणि खरी बचत १,५०० उरली. एवढ्यासाठी बाकीचे सगळे ओझे पत्करायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन वर्षांच्या एमएसला गेलेल्या मुलाला पदवीनंतर दुसऱ्या गावी नोकरीवर रुजू होण्याआधी आठ दिवसांत गाडी विकून टाकायची असते, आणि रिबिल्ट गाडीला गिऱ्हाईक सावकाश मिळते. बरेच डीलर ती बदल्यातही घेत नाहीत. गाडी खिळखिळी होईपर्यंत दहा वर्षे वापरणाऱ्याला मात्र पुनर्विक्रीची फिकीर नसते. हा सौदा खरा त्याच्या फायद्याचा आहे.

विम्याचा प्रश्न पैसे देण्याआधी सोडवावा. दुसऱ्याच्या नुकसानीचा बंधनकारक विमा सहसा मिळतो. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा विमा काही कंपन्या देतच नाहीत, आणि दिला तरी पुन्हा टोटल झाल्यास शिक्क्यामुळे भरपाई कमी ठरते. कर्ज द्यायलाही अनेक बँका तयार नसतात. कंपनीची वॉरंटी बहुधा संपलेली असते. डीलरकडच्या गाडीच्या काचेवर ‘बायर्स गाइड’ हा कागद लावणे १९८५ पासून संघराज्याच्या नियमाने सक्तीचे आहे. त्यावर ‘ॲज इज’, म्हणजे ‘आहे तशी’, या चौकटीत खूण असेल तर नंतरच्या दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याचा. खासगी विक्रेत्याला हा नियम लागू नाही.

इतरत्र : ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून अशा वाहनांचे ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. एसमध्ये सांगाड्याला मार लागलेला असतो, एनमध्ये नसतो. पहिले दोन वर्ग रस्त्यावर परत येऊच शकत नाहीत. मार सांगाड्याला होता की नव्हता एवढे तरी हा शिक्का सांगतो, जे अमेरिकेचा सांगत नाही.

भारतात असा शिक्काच नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपलीकडे गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. ती न करता आरसीसकट गाडी भंगारवाल्याला विकली, की तिचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर ठोकायची सोय होते. दुरुस्त होऊन परत आलेल्या गाडीचा तर कागदावर मागमूस राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतली दुरुस्त झालेली एखादी पुढे दुसऱ्या गावी विकली गेली, तर तिच्या आरसीवर त्या दिवसाचा उल्लेख नव्हता. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर मालक, कर्ज आणि विम्याची मुदत दिसते, अपघात दिसत नाही. म्हणून जाणते लोक जुनी पॉलिसी मागून नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, आकडा पाहतात. पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर अलीकडे क्लेम घेतला असावा, एवढा अंदाज बांधता येतो. तोही पक्का नव्हे, कारण बोनस मालकाच्या नावावर चालतो, गाडीच्या नव्हे.