होम चिल्ड्रन : स्मृतिकला

ब्रिटनमधून वसाहतींत सक्तीने धाडलेल्या गरीब मुलांचा (‘होम चिल्ड्रन’) माग कौटुंबिक वंशावळीतून घेणारी कला. छायाचित्रांवर आधारित रचना, तुकडे जोडून शिवलेल्या स्मृतिगोधड्या, शिल्पे व मांडणशिल्पे तिच्यात येतात. कलावंतांत वंशज बरेच आहेत.

या पाठवणीचा आरंभ केव्हा मानावा, याविषयी एकमत नाही. अमेरिकेत वसाहत वसविणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने लंडनची सुमारे शंभर मुले नेली त्या १६१८–१९ पर्यंत काही अभ्यासक मागे जातात. काही जण १८३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत मुले धाडणाऱ्या चिल्ड्रन्स फ्रेंड सोसायटीकडे बोट दाखवितात. मात्र इंग्लंडमधील समाजसेविका मरिया राय हिने १८६९ मध्ये कॅनडातील नायगरा-ऑन-द-लेक येथे मुली नेल्या, तेथून संघटित पाठवणी धरणे अधिक सयुक्तिक वाटते. वंशजांच्या हाती लागणाऱ्या जहाजांच्या याद्या आणि संस्थांची दप्तरे बहुतांशी त्यानंतरची आहेत. पुढे ॲनी मॅक्फर्सन, टॉमस बार्नार्डो यांच्या संस्थांनी हे कार्य वाढविले. कॅनडात सुमारे एक लाख मुले गेली असावीत. अनेकांचे आई किंवा वडील हयात होते, तरी ती सरसकट अनाथ म्हणून ओळखली गेली. शेतावर व घरकामाला ठेवलेल्या या मुलांची पुरेशी देखरेख होत नाही, हे ब्रिटिश सरकारी निरीक्षक अँड्र्यू डॉइल यांच्या १८७५ च्या अहवालाने दाखवून दिले होते.

या कलेचा मुख्य कच्चा माल म्हणजे बार्नार्डोंच्या संस्थेतील छायाचित्रे. तेथे १८७४ मध्ये छायाचित्रणशाळा सुरू झाली; प्रवेशाच्या वेळी मुलाचे छायाचित्र घेऊन नोंदीला जोडले जाई. देणग्यांसाठी ‘आधी’ व ‘नंतर’ अशा जोड्याही विकल्या जात. त्यांतील फाटके कपडे मुद्दाम चढविलेले असतात, असा आरोप झाला. १८७७ च्या लवादाने बार्नार्डोंना बहुतांश दोषमुक्त केले, पण अशा बनावाला नापसंती दर्शविली. म्हणून या चित्रांना मुलाचे खरे रूप मानणे धोक्याचे आहे; तरीही कित्येक घराण्यांत पणजोबांच्या बालपणीचे तेवढे एकच चित्र उरले आहे. ते न टाकता त्याची मांडणी उघडी करून दाखविणाऱ्या कलाकृती अधिक मोलाच्या ठरतात.

मुलांना दिली जाणारी लाकडी पेटी हेही वारंवार येणारे प्रतीक. या मुलांची ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये व ब्रिटनने २०१० मध्ये जाहीर माफी मागितली; ‘ऑन देअर ओन’ हे सिडनी व लिव्हरपूलच्या संग्रहालयांचे संयुक्त प्रदर्शन २०१० मध्येच सिडनीत भरले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात बालस्थलांतरितांचे स्मारकशिल्प आहे.