सॅनिटरी व्हॉल्व्हची स्वच्छता व देखभाल

दूध, फळांचे रस, सॉस यांसारखे पदार्थ वाहून नेणाऱ्या नळमार्गांतील व्हॉल्व्ह आतून स्वच्छ ठेवण्याची आणि त्यांचे झिजणारे भाग वेळेवर बदलण्याची पद्धत. हे व्हॉल्व्ह बहुधा ३०४ किंवा ३१६एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. पदार्थाला लागणाऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा साधारणतः ०.८ मायक्रोमीटरपेक्षा जास्त नसावा, अशी अपेक्षा असते. एवढे करूनही घाण अडकते ती मुख्यतः व्हॉल्व्हमध्येच. सरळ पाइपात प्रवाह भिंत घासून जातो. दांडा, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना सील जिथे टेकते ती बैठक) आणि गॅस्केट (जोडातील रबरी कडे) यांच्या सांध्यांपाशी मात्र तो मंदावतो आणि तिथे जिवाणूंचा चिकट थर धरतो.

या बाबतीत सगळे प्रकार सारखे नाहीत. डायफ्राम व्हॉल्व्हमध्ये लवचीक पडदा दांड्याला पदार्थापासून वेगळा ठेवतो, त्यामुळे तो धुण्यास सोपा. बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये पाइपात फिरणाऱ्या चकतीच्या दांड्याची दोन टोके घाण अडकण्याच्या दृष्टीने संशयास्पद. साध्या बॉल व्हॉल्व्हमध्ये गोळ्यामागच्या पोकळीत पदार्थ साचतो आणि तिथे धुण्याचे द्रावण नीट पोहोचत नाही. असा व्हॉल्व्ह उघडून हातानेच धुवावा लागतो.

बाकीचे व्हॉल्व्ह सहसा जागच्या जागी धुतात. या पद्धतीला सीआयपी (क्लीन-इन-प्लेस) म्हणतात. आधी कोमट पाणी सोडतात. ते फार गरम असेल तर प्रथिने भिंतीवर शिजून चिकटतात. मग ७० ते ८० अंश सेल्सिअसचे १ ते २ टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण फिरवतात. स्निग्धांश व प्रथिने त्याने सुटतात. दुधातील कॅल्शियमचा पांढरा थर मात्र कॉस्टिकला दाद देत नाही, त्यासाठी नायट्रिकसारखे सौम्य केलेले आम्ल लागते. शेवटी पाणी आणि जंतुनाशक. पाइपातील प्रवाहाचा वेग सेकंदाला निदान १.५ मीटर असावा, असा संकेत आहे. या काळात व्हॉल्व्ह अनेकदा उघडझाप करावा लागतो. एकाच स्थितीत ठेवलेल्या व्हॉल्व्हची सीट सीलखाली झाकलेलीच राहते. तपमान आणि वेळ काटेकोर पाळूनही ती जागा न धुतलेली राहते. दुहेरी सीटच्या व्हॉल्व्हमध्ये म्हणूनच दोन्ही सीटा आलटूनपालटून किंचित उचलण्याची सोय असते.

देखभालीत खरा जीव रबरी भागांचा. ईपीडीएम हे कृत्रिम रबर वाफ आणि कॉस्टिक चांगले सोसते, पण तेलकट पदार्थात फुगते. तिथे एफकेएम किंवा एनबीआर ही दुसरी कृत्रिम रबरे वापरतात. चिरलेल्या, कडक झालेल्या सीलच्या फटीत द्रावण पोहोचत नाही, जिवाणू पोहोचतात. गळती दिसल्यावर सील बदलणे म्हणजे उशीरच झालेला असतो. तासांच्या किंवा धुलाईच्या फेऱ्यांच्या हिशेबाने ते आधीच बदललेले बरे. दुहेरी सीटच्या व्हॉल्व्हला दोन सीलमधील गळती बाहेर सोडणारा मार्ग असतो. उत्पादन चालू असताना तिथून टपकणारे थेंब सील झिजल्याची खूण असते, आणि तो मार्ग कुणी बंद केला तर ही सूचनाही बंद होते.

पोलादी काथ्याने स्टेनलेस स्टील घासू नये. त्याचे लोहकण रुतून गंजतात. क्लोरीनयुक्त द्रावण जास्त वेळ राहिल्यास पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात. वंगण खाद्यपदार्थांच्या यंत्रांसाठी मान्यता असलेलेच घ्यावे, तेही पातळ थरात. ॲक्च्युएटरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या यंत्रात, बहुधा दाबलेली स्प्रिंग असते, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेली पद्धत सोडून तो उघडणे जिवावर बेतू शकते. जोडताना क्लॅम्प अति आवळला तर गॅस्केट पाइपाच्या पोकळीत फुगून येते आणि पदार्थ साचायला नवी कड तयार होते.