मानसचिकित्सा

मनाच्या आणि वागण्याच्या तक्रारींवर मुख्यतः बोलण्यातून, प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीने, ठरलेल्या वेळी केला जाणारा उपचार. बोलीभाषेत ‘मानसोपचार’ म्हणताना यात औषधेही धरतात, त्यातून घोटाळा होतो. औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतो. मानसचिकित्सा करणारे मानसशास्त्रज्ञ सहसा औषधे देत नाहीत. दोन्ही उपचार पुष्कळदा बरोबरीने चालतात.

नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ (नकोसा विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती करत राहणे), व्यसन, आघातानंतरचा ताण ही उपचार घेण्याची नेहमीची कारणे. पण आजाराचे नाव सांगत येणारे थोडेच. कुणाची झोप उडालेली असते, कुणाचे जवळचे माणूस गेलेले असते. कुणाची छाती धडधडते आणि सगळ्या तपासण्या मात्र व्यवस्थित येतात. कुणी तिसऱ्या नोकरीतही वरिष्ठांशी तेच भांडण करून आलेला असतो. त्याआधी बहुतेकांनी स्वतःला कामात गाडून घेतलेले असते, मित्रांजवळ मन मोकळे केलेले असते. मित्राजवळ बोलण्याला एक मर्यादा असते: त्याला वाईट वाटेल म्हणून आपण निम्मे झाकतो.

बोलण्याने बरे वाटते हे जुनेच. त्याला उपचाराचे रूप येऊ लागले ते व्हिएन्नात. १८८० ते १८८२ या काळात डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांनी तपासलेली ‘आना ओ.’ ही रुग्ण या बोलण्याला गमतीने ‘धुराडे झाडणे’ म्हणे. ब्रॉयर आणि मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये तिची हकिगत छापली. उपचार संपल्यावरही तिला आरोग्यधामात राहावे लागले होते, हे मात्र त्या हकिगतीत नीट उमटले नाही.

पहिल्या एक-दोन भेटी विचारपूस करण्यात जातात: तक्रार कधीपासून, झोप कशी, घरी कोण. आत्महत्येचे विचार येतात का, हेही सरळ विचारतात. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. बोलणे गुप्त राहते. जिवाला धोका असेल तर अपवाद होतो, आणि तो आधीच सांगायचा असतो. भेट साधारण ४५ ते ५० मिनिटांची, बहुधा आठवड्यातून एकदा.

सल्ला मिळेल या अपेक्षेने आलेला माणूस इथे थोडा खट्टू होतो. लग्न मोडावे की टिकवावे, हे चिकित्सक ठरवून देत नाही. पुढचे काम पद्धतीप्रमाणे बदलते. बोधात्मक-वर्तन चिकित्सेत, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याच्या पद्धतीत, घरचा अभ्यास असतो. मंत्रचळाच्या रुग्णाला ‘अस्वच्छ’ वाटणाऱ्या वस्तूला हात लावून तो न धुता बसायला सांगतात. अस्वस्थता वाढते, मग हात न धुताही ती ओसरते, हे त्याने स्वतः अनुभवायचे असते. मनोगतिक पद्धतीत जुन्या नात्यांचा माग काढतात, तो लांबतो. सुरुवातीला झाकलेले वर आल्याने काही दिवस अधिकच जड जाऊ शकतात.

याचा उपयोग होतो का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९५२ मध्ये फार कडवटपणे विचारला. १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास या संशोधकांनी सुमारे ३७५ अभ्यास एकत्र तपासून दाखवले, की उपचार घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो. पद्धतींमधला फरक त्यांना किरकोळ आढळला. चिकित्सकाशी सूर जुळणे महत्त्वाचे ठरते, हे पुढे अनेक अभ्यासांत दिसले. काहींना उपयोग होत नाही, काहींचा त्रास वाढतोही. तसे वाटल्यास चिकित्सकालाच सांगावे. त्यावर चर्चा करणे किंवा दुसऱ्याकडे पाठवणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.