मूत्रमार्गसंसर्ग, स्त्रियांमधील

मूत्रनलिका, मूत्राशय व क्वचित मूत्रपिंड यांत जंतू वाढून होणारा विकार. बोलीभाषेत लघवीच्या जळजळीला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. पण पाणी कमी पडल्याने होणारी जळजळही त्यात येत असल्याने दोन्ही एकच मानू नयेत. चरकसंहितेतील मूत्रकृच्छ्राच्या (लघवी कष्टाने होण्याच्या) आठ प्रकारांशीही याची सांगड घालतात, परंतु त्यांत मूतखडाही मोडतो.

स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंमी. असते, पुरुषाची सुमारे २० सेंमी. शिवाय तिचे मुख योनी व गुदद्वाराजवळ असते. बहुसंख्य संसर्गांस आतड्यातील एशेरिकिया कोलाय हा जंतू कारणीभूत असतो. त्याच्या अंगावरील केसांसारख्या तंतूंच्या टोकाचे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरातील शर्करेला चिकटते, म्हणून लघवीच्या धारेनेही तो सहज धुऊन जात नाही. शरीरसंबंध व शुक्रजंतुनाशक मलमे यांनी धोका वाढतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, योनीतील लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि आम्लता उतरते, तेव्हाही तेच. अस्वच्छतेवर सरसकट ठपका ठेवणे मात्र योग्य नाही.

लघवीत किती जंतू आढळल्यास संसर्ग मानावा, ही निदानाची मर्यादा बराच काळ वादात आहे. प्रयोगशाळेत ०·००१ मिलि. लघवी मावणाऱ्या तारेच्या कडीने पोषकद्रव्यावर रेघा ओढतात. एकेका जंतूपासून एकेक ठिपका वाढतो; दुसऱ्या दिवशी १०० ठिपके उगवले, तर दर मिलिलिटरला १ लाख जंतू धरतात. हा १ लाखाचा आकडा अमेरिकन वैद्य एडवर्ड कॅस यांनी १९५० च्या दशकात रूढ केला. तो मुख्यतः मूत्रपिंडदाह झालेल्या व लक्षणविरहित स्त्रियांच्या तपासण्यांवर बेतलेला होता. जळजळ होत असलेल्या स्त्रियांत दर मिलिलिटरला १०० जंतूही अर्थपूर्ण ठरतात, असे संशोधक स्टॅम व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले. लक्षणे स्पष्ट असताना हेच मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र १०० ची मर्यादा वरच्या कडीने मोजताच येत नाही, कारण तिच्यात एक ठिपका म्हणजेच दर मिलिलिटरला १,००० जंतू.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालेला संसर्ग ‘पुनरावर्ती’ मानतात. दर वेळी जंतू आतड्यातून नव्याने येतात की मूत्राशयाच्या पेशींत दडून राहतात, याबाबत मतभेद आहेत; उंदरांत दुसरा प्रकार दिसला आहे. कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जादा पाणी प्याल्यास पुनरावृत्ती घटते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

उपचारांत नायट्रोफ्युरंटॉइन, फॉस्फोमायसिन इ. औषधे वापरतात. ताप, थंडी व कुशीत वेदना असल्यास मूत्रपिंडदाहाची शंका घेतात. लक्षणे नसताना लघवीत जंतू आढळले, तर सहसा औषध देत नाहीत. गरोदरपणात मात्र देतात.