कळंगुट

कळंगुट : गोव्याच्या बार्देश तालुक्यातील समुद्रकाठचे गाव व पर्यटनस्थळ. म्हापशापासून सुमारे १० किमी., पणजीपासून सुमारे १५ किमी. उत्तरेस बागाची खाडी, दक्षिणेस कांदोळी, पूर्वेस हडफडे, नागोवा, पर्रा, साळगाव ही गावे आणि पश्चिमेस अरबी समुद्र. आग्वाद किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या सिकेरीपासून बागापर्यंत सुमारे सात किमी. लांबीचा सलग वाळूचा पट्टा आहे. महाराष्ट्रातून येणारा पर्यटक या सगळ्याच पट्ट्याला कळंगुट म्हणतो. स्थानिक माणूस मात्र आपला वाडासुद्धा नेमका सांगतो. गौरावाडा, उमटावाडा, नायकावाडा, कोब्रावाडा ही त्यांतील काही नावे. जनगणनेच्या लेखी हे शहर आहे, पण कारभार अजून ग्रामपंचायतच पाहते.

जुन्या गावाची मांडणी समुद्राकडून आत अशी होती : आधी वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या आडोशाला रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे (रापण) ओढणाऱ्या मच्छीमारांच्या झोपड्या, मग माडांची भाटे म्हणजे बागायती, मग भाटकारांची (जमीनदारांची) कौलारू घरे व चर्च, आणि सर्वांत आत भातशेती. ज्याच्याकडे पैसा, त्याचे घर लाटांच्या आवाजापासून दूर. खारा वारा, वाळू आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास हे त्या काळी वैभवाचे लक्षण नव्हते. गावची सामाईक जमीन कोमुनिदाद या ग्रामसंस्थेकडे असे आणि तिच्या उत्पन्नाचा वाटा मूळ गावकार घराण्यांतील पुरुषांना मिळे.

बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. पुढील दशकांत देवळे मोडली गेली तेव्हा गावची देवी नदीपार हलवण्यात आली. डिचोली तालुक्यातील नानोडा येथील श्री शांतादुर्गा कळंगुटकरीण ती हीच. देवीची लेकरे मुंबई-पुण्यापासून बेळगाव-कारवारपर्यंत पसरली आहेत. त्यांतील अनेकांनी कळंगुट पाहिले ते सहलीच्या बसमधून, कुलदेवतेला मात्र ते नानोड्याला जातात. गावात राहिलेल्यांचे चर्च संत आलेक्स यांच्या नावाचे असून त्याची आजची इमारत अठराव्या शतकातील आहे. त्याच शतकातील प्रोएन्सा घराण्याचा वाडा, त्याचा मनोऱ्यासारखा व्हरांडा व शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, ही इथल्या जुन्या श्रीमंतीची उरलेली खूण. शेजारच्या कांदोळीने संमोहनविद्येत नाव मिळवणारे आबे फारिया (जन्म १७५६) दिले. पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा १७८७ चा पिंटोंचा कट कांदोळीच्याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे सुशिक्षित, पैसेवाले आणि सत्तेवर नाराज अशी माणसे या किनाऱ्याला नवीन नाहीत.

एकोणिसाव्या शतकापासून बार्देशची माणसे बाहेर पडली : मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका, ब्रिटिश बोटींवरची नोकरी. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गावागावांचे 'कूड', म्हणजे गाववाल्यांनी मिळून राहायच्या जागा, उभे राहिले. त्या पगारांतून बांधलेल्या घरांना मोठे दिवाणखाने आणि रस्त्याकडे तोंड केलेले बसायचे सज्जे असत, घरात माणसे मात्र आजी, सून आणि मुले एवढीच. घर इथे आणि कमावता तिकडे, हा प्रकार पर्यटनाने आणलेला नाही.

मुदांस. कळंगुट सुट्टीचे गाव झाले ते परदेशी पाहुण्यांमुळे, असे सरसकट सांगितले जाते; ते बरोबर नाही. त्याआधी कित्येक वर्षे गोव्यातलीच सुखवस्तू कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत हवापालटासाठी समुद्रकाठी येऊन राहत. या मुक्कामाला मुदांस म्हणत. दक्षिण गोव्यातील सासष्टीच्या भाटकारांचे ठिकाण कोलवा, बार्देश-तिसवाडीकरांचे कळंगुट. खाऱ्या पाण्याच्या आंघोळीने सांधे मोकळे होतात, खरूज-नायटा जातो, ही पक्की समजूत होती आणि डॉक्टरही ती मोडत नसत. आंघोळीला माणसे पहाटे किंवा उन्हे कलल्यावर जात, बाया अंगभर कपड्यांनिशी पाण्यात उतरत. उन्हात पडून राहणे हा प्रकार कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

बैलगाडीतून, पुढे 'कारेर' म्हणजे बसमधून, तांदूळ, भांडी, गाद्या आणि स्वयंपाकाला माणूस असा सगळा संसार बरोबर येई. पणजीहून यायचे तर मांडवी होडीने ओलांडून बेतीला उतरावे लागे. पूल झाला १९७० मध्ये. मुक्कामाला रापणकारांची किंवा मुंडकारांची (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळांची) घरे भाड्याने घेतली जात. घरमालक तेवढे दिवस मागच्या पडवीत किंवा नातेवाइकांकडे सरकत. भाटकाराने मुंडकाराच्या घरी भाडे देऊन राहायचे, असा हा वर्षातला एकमेव काळ. संध्याकाळी वाळूवर पत्त्यांचे डाव, मांडे-दुलपदे ही कोंकणी गाणी, आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची रीतसर ओळख. हिंदू घराणीही येत, पण त्यांची चूल आणि बैठक वेगळी. मृग बरसण्याआधी, पावसाळ्याच्या पुरुमेंताची (बेगमीची) सुकी मासळी बांधून घेऊन सगळे परतत. घर भाड्याने देण्याचा धडा कळंगुटकरांनी या गोंयकार पाहुण्यांवरच गिरवला.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले. त्यांनी तीच घरे तशाच पद्धतीने भाड्याने घेतली. फरक इतकाच, की ते मेमध्ये न येता हिवाळ्यात येत आणि महिनोन्महिने राहत. गर्दी वाढली तसे ते उत्तरेला हणजूणकडे सरकले. १९७४ मध्ये आग्वादच्या तटाला लागून ताज समूहाचे हॉटेल सुरू झाले आणि किनाऱ्यावर पंचतारांकित पर्यटनाचा पाया पडला. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल परिषदेला आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी याच ठिकाणी उतरले. इंदिरा गांधी यजमान होत्या, मार्गारेट थॅचर पाहुण्यांत. त्या निमित्ताने रस्ते गुळगुळीत झाले आणि गोव्याची छायाचित्रे जगभर गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून चार्टर विमाने थेट दाबोळीला उतरू लागली : आधी जर्मन, मग ब्रिटिश, पुढे रशियन.

या पैशाची वाटणी कायद्याने ठरवली. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्याला बेदखलीपासून संरक्षण आणि राहते घर भोवतीच्या थोड्या जागेसह विकत घेण्याचा हक्क दिला. किनाऱ्याजवळची घरे बहुतांशी याच लोकांची होती. आधी एक खोली परदेशी माणसाला, मग अंगणात दोन, मग वर मजला, अशी कित्येक गेस्ट हाउस उभी राहिली. दोन पिढ्यांपूर्वी ज्या वाळूत माडही धड येत नव्हता तिचा भाव भातशेतीच्या कितीतरी पट झाला.

भाटकारांच्या वाड्यांचे उलट झाले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची वारसापद्धत मुक्तीनंतरही कायम राहिली : मुलगा-मुलगी समान वाटेकरी, आणि पती-पत्नी सामाईक मालक. स्त्रियांच्या दृष्टीने ही व्यवस्था देशात उजवीच म्हणावी लागेल. पण तीन पिढ्या वाटण्या न झालेल्या घराचे वारस लिस्बन, टोरांटो, नैरोबी, बांद्रा असे विखुरले, की कौले बदलायलाही सगळ्यांची संमती जुळत नाही. मुख्य रस्त्यावर झगमगत्या दुकानांच्या मध्ये दाराला कुलूप आणि छपरावर झाड उगवलेले घर दिसते, त्याचे कारण बहुधा गरिबी नसून वारसांची संख्या असते. १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. त्या पासपोर्टवर तरुण ब्रिटनमध्ये गेले, त्यामुळे कुलपे आणखी वाढली.

रापणकारांपैकी सगळेच हॉटेलवाले झाले नाहीत. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतची मासळी ओरबाडू लागले तेव्हा १९७० च्या दशकात गोवाभर रापणकारांचे आंदोलन झाले. मातान्ही साल्ढाणा हे त्याचे ठळक नाव. १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा आला. तरी आज कळंगुटच्या वाळूवर रापण ओढली जाताना दिसली, तर ओढणाऱ्यांपेक्षा मोबाइलवर टिपणारे जास्त असतात.

आजचे रहिवासी कोण, हा प्रश्न साधा नाही. मतदारयादीतले कळंगुटकर घरे, दुकानगाळे, टॅक्स्या आणि मोसमी शॅकचे, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या उपाहारगृहांचे परवाने बाळगून आहेत. किनारा नियमन क्षेत्राच्या निर्बंधांमुळे (१९९१ ची अधिसूचना) शॅक कायमची बांधता येत नाहीत. पावसापूर्वी ती मोडायची, पाऊस सरला की पुन्हा उभारायची. आत काम करणारे वेगळे : स्वयंपाकघरात नेपाळी, ओडिया व बंगाली मुले, हस्तकलेच्या गाळ्यांत काश्मिरी, वाळूवर माळा-शाली विकणाऱ्या लमाणी बाया. हॉटेलांच्या स्वागतकक्षात आणि हिशेबाच्या टेबलावर सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडची मराठी मुले भेटतात. काही रोज दुचाकीवरून ये-जा करतात, काही पर्रा-साळगावात चौघे मिळून खोली घेतात. शनिवार-रविवारी कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगावच्या गाड्या येतात आणि बाजारात तास-दोन तास कोंकणीपेक्षा मराठी-हिंदीच जास्त ऐकू येते.

मोठा पैसा मात्र गेल्या काही वर्षांत किनारा सोडून आत निघाला आहे. दिल्ली-मुंबईच्या धनिकांना घर हवे असते ते आसगाव, हळदोणे, मयडे अशा गावांत, शेताच्या कडेला, जुन्या घराच्या नक्कलेत आणि पोहण्याच्या तलावासह. ही घरे वर्षातला बराच काळ बंद असतात. तिकडच्या पंचायतींपुढे आता विहिरींचे पाणी, डोंगरकाप आणि जमीन रूपांतराचे वाद आहेत. कळंगुट या साऱ्यातून आधीच गेले आहे. सांडपाण्याने गढुळलेली बागाची खाडी आणि टँकरवर चालणारी हॉटेले हे त्याचे दृश्य परिणाम. कांदोळीसमोर जून २००० मध्ये रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज एका दशकाहून अधिक काळ हलले नाही. किनाऱ्याची धूप होत राहिली आणि लोक त्याच्या पार्श्वभूमीवर फोटो काढत राहिले.

गावाला गाव परत मिळते ते पावसाळ्यात. २४ जूनला सांजांव, म्हणजे डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरीत उड्या. २९ जूनला संत पेद्रूच्या फेस्ताला कांदोळीत होड्या एकत्र बांधून त्यांवर 'सांगड' उभारतात आणि तरंगत्या मंचावर नाटुकली-गाणी होतात. देशी पर्यटक आता पावसातही येतात, त्यामुळे ही उसंत आक्रसत चालली आहे.

पर्यटक नेमका कोणता हवा, यावर गावात एकमत नाही. २०२४ मध्ये ग्रामपंचायतीने बाहेरून येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवेशकर घ्यावा असा प्रस्ताव पुढे केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्थानिक आमदारांनी परदेशी पाहुणे घटण्याच्या इतर कारणांबरोबर शॅकमध्ये मिळणाऱ्या इडली-सांबार आणि वडापावकडेही बोट दाखवले. त्यावर महाराष्ट्रातून भरपूर टीका झाली. शॅकवाल्यांचे उत्तर सरळ आहे : आज टेबलावर बसलेला माणूस जे मागतो ते शिजवावे लागते, आणि तो बहुतेक वेळा सोलापूर किंवा हुबळीहून आलेला असतो.