तर्री येत नाही म्हणून चटणी वाढवू नका, जाळ कमी करा
आमच्या कांदा-लसूण चटणीच्या पाकिटासोबतचं माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. चटणीच्या पाकिटात हा कागद कशाला घातलाय तर त्याचं कारण फोन. रविवारी सकाळी अकरा ते दीडच्या मधे दुकानाचा फोन वाजला की न उचलताच आम्हाला कळतं काय असणार, "दादा, मटणाचा रस्सा लाल झालाय पण वर तर्री येईना, चटणी पहिल्यासारखी राहिली नाही का?" मग आम्ही विचारतो जाळ केवढा आहे, तर मोठा, खळाखळा उकळतंय म्हणे. तिथंच सगळी गडबड आहे. आणि फोन करेपर्यंत निम्म्या लोकांनी अजून दोन चमचे चटणी आणि पळीभर तेल ओतून मोकळं झालेलं असतंय, मग रस्सा जळजळीत तिखट होतो, पोरं तांब्या घेऊन जेवायला बसतात आणि नाव आमच्या चटणीचं खराब. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच देऊ. फ्रिजवर चिकटवून ठेवा, वैनी.

तर्री म्हणजे नेमकं काय ते आधी बघू. मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, तिखटपणाचंही तेच. म्हणजे वर जो लालभडक थर येतो ते मिरचीचा रंग घेतलेलं तेल आणि मटणाची चरबी, बाकी काही नाही. आता हे तेल हलकं, ते आपोआप वर येणार, पण त्याला निवांत येऊ तर द्या. खळाखळा उकळी असली की तेलाचे बारीक बारीक कण होऊन ते रश्श्यातच मिसळून बसतात, रस्सा गढूळ दिसतो, रंग विटकरी होतो आणि वर काहीच येत नाही. तेच जाळ बारीक केला, कडेनं फक्त एखादा बुडबुडा फुटतोय इतकाच ठेवला, की पंधरा-वीस मिनिटांत कडेकडेनं लाल वर्तुळं दिसायला लागतात. त्यात चटणीची काय करामत नाही हो, आम्हीच विकतो तरी सांगतोय.

आता मटण. एक किलो धरून सांगतो, चार-पाच माणसांच्या घराला रात्रीच्या जेवणाला होतंय, वर थोडं उरतं, आणि उरायलाच पाहिजे, का ते पुढं सांगतो. मटणवाल्याला नुसतं मऊ मऊ दे म्हणू नका. पुढचा पाय, मान, नळी असं हाडासकट मिक्स घ्या, चाप थोडे. हाडाजवळ आणि सांध्याजवळ जो पांढरा चिवट भाग असतो ना, लोक ज्याला नाक मुरडतात, त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं आणि मंद आचेवर तास-दीड तास राहिलं की ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं. रस्सा ओरपल्यावर ओठाला ओठ चिकटल्यासारखं वाटतं ते त्यामुळं, दुकानातली कुठलीच पुडी टाकून ते येत नाही. मटणाच्या दरावरनं २०१९ साली आंदोलन केलेलं गाव आहे आपलं कोल्हापूर, कसबा बावड्यातनं सुरुवात झालेली, बाहेरच्यांना हसू येतं पण एवढे पैसे मोजून आणलेलं मटण मोठ्या जाळावर रबरासारखं करायचं म्हणजे जीवावर येतं की नाही सांगा.

पहिल्यांदा अळणी, म्हणजे तिखट न घालता नुसत्या हळद-मिठात शिजवलेलं मटण आणि त्याचं पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, एक कांदा बारीक चिरून, तो मऊ झाला की मटण, हळद, आलं-लसणाचा ठेचा आणि मीठ थोडं हात राखून, कारण चटणीत मीठ आहे आधीच, हे लोक विसरतात. परतून घ्या आणि पाणी न घालता वर ताटली ठेवा, आणि त्या ताटलीत पाणी ओता. आमच्या आजीचा हा प्रकार, तेव्हा वाटायचं उगाच काहीतरी, पण डोकं लावलं तर लई हुशारीचं काम आहे. ताटली वरच्या पाण्यामुळं वाफेपेक्षा गार राहते, मग आतली वाफ तिला लागून परत खाली टपटपते आणि मटण स्वतःच्याच पाण्यात शिजतं, बुडाला लागत नाही. आणि वरचं पाणी तोवर कढत होतं, तेच नंतर आत ओतायचं. गार पाणी मात्र कधीच नाही, एक तांब्या गार पाणी गेलं की सगळं पातेलं थंड पडतं आणि परत ताल धरायला पंधरा मिनिटं जातात. दहा-पंधरा मिनिटांनी दीड लिटरभर गरम पाणी घाला, उकळी आली की जाळ एकदम बारीक आणि तासभर विसरून जा. बकरं कोवळं असेल तर तासात होतंय, जून असेल तर दीड-दोन तासही लागतात, घड्याळापेक्षा हाडापासून मांस सुटतंय का ते बघा. वर फेस येईल तो पळीनं काढा.

ह्यातच बारक्या पोरांची अळणीची वाटी काढून घ्या, भातावर. पांढरा रस्सा करायचा असेल तर त्याचंही अर्धं पाणी ह्यातलंच, फक्त नारळाचं दूध घातल्यावर उकळी नको, फुटतं. पांढऱ्यावर वेगळा कागद काढू कधीतरी.

मटण शिजतंय तोवर वाटण. इथं घाई करणारे पन्नास टक्के तरी असतील असा आमचा आपला अंदाज. तीन मध्यम कांदे उभे चिरून किंवा सरळ गॅसवर सालासकट भाजून, अर्धी वाटी सुकं खोबरं किसून भाजलेलं, दोन चमचे तीळ, चमचाभर खसखस, लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर. खोबरं तपकिरी करा, काळं नको, काळं झालं की रस्सा कडवट लागतो आणि मग ते झाकायला लोक गूळ घालतात. गूळ आपल्या कोल्हापूरचाच चांगला आहे पण रश्श्यात कशाला. हे सगळं अगदी गंधासारखं वाटायचं, भरड राहिलं की रश्श्यात तळाला बसतं.

दुसऱ्या पातेल्यात अर्धी वाटी तेल, त्यात वाटण घालून बारीक जाळावर परतत बसायचं. बसायचं म्हणजे खरंच बसायचं, पंधरा-वीस मिनिटं, मोबाईल बाजूला ठेवून. सुरुवातीला ते नुसतं फसफसतं, कारण वाटणात पाणी असतं, आणि पाणी आहे तोवर वाटण काही शंभर डिग्रीच्या वर तापत नाही (आपलं गाव समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचावर, त्यामुळं इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं) आणि तेवढ्यावर खरपूसपणा येत नाही. पाणी उडून गेलं की आवाज बदलतो, फसफस थांबून चुरचुर सुरू होते, वास कच्च्या लसणाचा जाऊन भाजल्यासारखा येतो आणि वाटण पातेल्याच्या कडा सोडून गोळा व्हायला लागतं, कडेनं तेल दिसतं. ह्यालाच तेल सुटणं म्हणतात. वाटणाचा रंग बघून फसू नका, कानानं ऐका.

आता आमची चटणी. एक किलोला पोह्याच्या चमच्यानं तीन, सवय असेल तर चार. गॅस अगदी बारीक करा, नाहीतर बंदच करा, आणि मग चटणी घाला, अर्धा मिनिट परता, लगेच पळीभर अळणीचं गरम पाणी ओता. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण रस्सा इथंच बनतो किंवा बिघडतो. तापल्या तेलात चटणी टाकली आणि कोण दारावर आलंय बघायला गेलात की मिरची जळली, घरभर ठसका, रंग काळपट. आणि उलट काहीजण चटणी तेलात घालतच नाहीत, शेवटी उकळत्या रश्श्यात वरनं भुरभुरतात, मग रंग कुठनं सुटणार, तेलाची गाठच पडली नाही तिची. तर्री न येण्याचं हे दुसरं कारण, फोनवर हेही निघतं.

मग मटण आणि राहिलेलं सगळं पाणी त्यात, चव बघून मीठ, लागलं तर कढत पाणी, आणि अर्धवट झाकण ठेवून अर्धा तास बुडूक बुडूक. सारखं ढवळायचं नाही. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, तर्री सगळी तेव्हा वर येते, आणि वाढताना पळी वरवरनं फिरवून पाहुण्यांना तर्री, घरच्यांना खालचं असं करायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा.

कुकरमध्ये चालेल का, हा पुढचा फोन. चालतो की. कुकरला नावं ठेवणाऱ्यातले आम्ही नाही, कामावरनं सात वाजता घरी आलेल्या बाईला चुलीवरचं मटण सांगण्यात काय अर्थ. कुकरमधे पाणी १२० डिग्रीपर्यंत तापतं म्हणून मटण झटपट शिजतं, अळणी त्यात करा, चार-पाच शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू द्या. फक्त वाटण परतणं आणि शेवटचा अर्धा तास पातेल्यातच, तो कुकरमधे उरकू नका. खिम्याचा रस्सा करणार असाल तर अळणीची पायरी लागतच नाही, तेल सुटलेल्या वाटणात चटणी, मग खिमा कोरडा होईपर्यंत परतून गरम पाणी आणि पाऊण तास मंद, पावाबरोबर पोरं ताटली चाटूनपुसून खातात.

उरला पाहिजे म्हणालो ते का, तर दुसऱ्या दिवशीचा रस्सा पहिल्या दिवसापेक्षा भारी लागतो, मसाला मुरतो. पण रात्रभर ओट्यावर ठेवू नका, विशेषतः एप्रिल-मे मधे. दोन तासांच्या आत फ्रिजला, मोठं पातेलं तसंच ढकलण्यापेक्षा दोन-तीन डब्यांत काढून, लवकर गार होतं. एका वैनींचा एकदा सोमवारी सकाळी फोन, रस्सा खराब झाला, जेलीसारखा थिजलाय, वर पांढरट-लाल खपली आलीय, चटणीत काय घातलंय तुम्ही? त्यांनी तो ओतून टाकला होता. आम्हाला ऐकून पोटात कालवलं. अहो तो खराब नव्हता, तो पहिल्या नंबरचा झाला होता, थिजला म्हणजे हाडातला सगळा ऐवज रश्श्यात उतरला होता. गरम केला की परत पातळ होतो. फक्त नुसता कोमट करून खाऊ नका, चांगली उकळी आणा, आणि जेवढा लागेल तेवढाच काढून तापवा.

चटणीबद्दल थोडं. आम्ही रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी जवारी आणि तिखटाला लवंगी मिरची वापरतो, प्रमाण सांगत नाही, तेवढं राहू द्या आमच्याकडं. कांदा-लसूण उन्हात वाळवून आणि तळून, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून करतो. रंग टाकत नाही, त्यामुळं दर वर्षीचा लालपणा मिरचीप्रमाणं थोडा उन्नीस-बीस होणार. एका उन्हाळ्यात वळवाच्या पावसात गच्चीवरची मिरची भिजली आणि आम्ही ती परत वाळवून वापरली, तो माल मिळमिळीत झाला होता, त्या वेळच्या तक्रारी खऱ्या होत्या, पाकिटं बदलून दिली. पाकीट फोडल्यावर काचेच्या बरणीत दाबून भरा, वर थोडं तेल सोडा, ओला चमचा घालू नका. वर्षभर टिकते, पावसाळ्यात फ्रिजमधे ठेवलेली बरी.

रिकामी बरणी घेऊन दुकानात आलात तर सुटी चटणी वजनावर भरून देतो, पाकिटापेक्षा स्वस्त पडते. बरणी तेवढी धुऊन ठणठणीत कोरडी करून आणा, मागं एकदा ओलसर बरणीत भरून दिली आणि आठवड्यात बुरशी आली, तेव्हापासनं आम्ही आधी बरणीत हात घालून बघतो, राग मानू नका.